तिरपा टाईप

चहा येतोय तोवर निजामाच्या राज्यातली एक गोष्ट सांगतो. धाराशिवच्या छापखान्यात तिरप्या, ठळक अक्षरांचा एकच टाईप होता. अक्षर पोटाशी जाड आणि टोकाला केसासारखं बारीक. पटका कलता बांधून वऱ्हाडी निघावा तसं दिसायचं. माझ्या कापडदुकानाच्या जाहिरातीला मला तोच हवा होता.

"आज न्हाय जमायचं, शेठ," खिळे जुळवणारे जुळारी गणपतराव म्हणाले. "ह्या अक्षराचे खिळे मोजकेच. किसनरावांच्या लेकीच्या लग्नपत्रिकेत अडकलेत."

"मग लग्न उरका की लवकर! माझं दुकान खोळंबलंय."

आम्ही हसतोय, तोच किसनराव दारात आले.

"गणपतराव, पत्रिका छापू नका. पटकीच्या साथीत पोरगी गेली."

गणपतरावांनी जुळवलेले खिळे सोडायला हात घातला.

"थांबा," किसनराव म्हणाले. "आधी एक छापा. एकच."

गणपतरावांनी लाल शाई लावली आणि एक पत्रिका काढली. मधोमध 'चंद्रभागा' असं ठसठशीत उमटलं होतं. शाई फिसकटू नये म्हणून किसनरावांनी ती कडेनं धरली.

"लई देखणं नाव आलंय."

मला राहवलं नाही. "काका, आता ही कशाला?"

"पहिली पत्रिका तुळजापूरला आईपुढं ठेवायची असती न्हवं? ठेवून येतो. कुणाची लेक नेली, ते तिलाबी वाचू दे."