ऐंशी माणसांचं पातेलं

— नाही, बंदच आहे तो. सकाळपासून बंद आहे. तुम्ही रोज दहा फ्रिज उघडत असाल, दादा, पण हा माझ्या स्वयंपाकघरात चौदा वर्षं उभा आहे, त्याचं दुखणं मला कळतं. बघा ना, सावकाश बघा. म्हणजे एक वाजेपर्यंत सावकाश. ते मागचं दार तेवढं उघडंच राहू द्या — सॉसेज परतायचंय, धूर होतो, आणि माझ्या डोळ्यांना आता धूर सोसत नाही. पेटी त्या स्टुलावर ठेवा. डुगडुगतं, पण पडत नाही, आमच्या ह्यांनी केलेलं आहे. खाटीक माणूस सुतारकाम करायला गेला की असंच व्हायचं. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. स्टूल आहे.

पातेलं ना? हो, मोठं आहे. ऐंशी माणसांचं आहे. छे हो, ऐंशी कुठली, एकच येणार आहे. मी धरून दोन. तुम्ही खाऊन गेलात तर तीन. एका शेगडीवर बसत नाही म्हणून दोन शेगड्यांवर ठेवलंय. सूप होईल तळाशी चार बोटं, वर सगळी हवा. आहेत की लहान पातेली, ती काय फळीवर पाच आहेत — पण मला हेच हवं होतं, कारण ती हेच न्यायला येतेय. ती म्हणजे माझी जाऊ. धाकटी. दिराची बायको. पातेलं तिचंच आहे, तिने चार दुकानं हिंडून, तळ वाजवून वाजवून आणलेलं. नऊ वर्षं माझ्याकडे पडून होतं. परवा दिराचा फोन आला — वहिनी, तिला सूपचं दुकान काढायचंय, शनिवारी एक वाजता येईल, टेम्पो उभा ठेवेल, पातेलं घेईल आणि जाईल. 'घेईल आणि जाईल'. नऊ वर्षांनी माणूस घरात येणार आणि हा मला टेम्पोचं सांगतोय. मी म्हटलं, येऊ दे. आता पातेल्यात सूप शिजतंय म्हटल्यावर कसं नेणार, तुम्हीच सांगा. ओतून तर नाही ना देणार. अन्न आहे. बसावं लागेल, खावं लागेल, संपवावं लागेल. मग ने म्हणावं.

हे बघा, हे सॉसेज. आमच्याच दुकानाच्या पद्धतीचं, आता दुकान दुसऱ्याला दिलंय पण त्याला मी शिकवून ठेवलंय — डुकराचा खिमा, बडीशेप जाडसर कुटलेली, मिरी, थोडी लाल मिरची. आख्खं नाही टाकायचं. वरचं आतडं सोलून टाकायचं आणि आतला खिमा बोटांनी तोडून तोडून तळात पसरायचा. आणि मग हात मागे बांधून उभं राहायचं. लोक लगेच ढवळायला लागतात. पी हळद आणि हो गोरी. अहो, खालून तांबूस होऊ दे, तळाला धरू दे जरासं, चव सगळी त्या धरण्यात असते. मग कांदा, गाजर, लसूण, मग टोमॅटो, मग हाडांचं पाणी. चीजचं कडक साल असतं ना, लोक फेकतात, ते मी आत सोडते. इटालियन म्हणतात ह्याला. आमच्यातलं कोणी इटलीला गेलेलं नाही. सासूबाईंना एका जहाजावरच्या स्वयंपाक्याने शिकवलं होतं, तोही तिथला होता की नाही कोण जाणे, पण सूप चांगलं आहे. आणि शेवटी पास्ता. पाकीट ते काय, टेबलावर. नाही फोडलेलं. फोडणार नाही मी.

काय म्हणता? शून्यावर? बटण शून्यावर आहे. असेल. पुसताना फिरलं असेल. नाही, नका — फिरवू नका, दादा, हात काढा. राहू द्या शून्यावर. बसा जरा. चहा नाही, सूपच मिळेल.

आता तुमच्यापासून काय लपवायचं. धाकटी हुशार आहे. ती म्हणेल, ताई, सूप डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा, मला पातेलं द्या. म्हणून फ्रिज बंद हवा. आणि बंद आहे असं मी सांगून तिला पटायचं नाही, माझ्या शब्दावर तिचा भरवसा राहिलेला नाही. तुमच्या शर्टावर कंपनीचं नाव आहे. तुम्ही एवढंच म्हणायचं की पार्ट मागवायला लागेल. खोटं कशाला म्हणताय, कधी ना कधी लागेलच की.

भरवसा का नाही? तसं काही नाही हो. नऊ वर्षांपूर्वी गावच्या वाचनालयाची नवी इमारत झाली, तिथे ऐंशी लोकांना जेवण. ते काम धाकटीला मिळालं. मला नाही, दुकानाला नाही, धाकटीला. तिचं सूप लोकांना आवडायचं. सासूबाईंचंच ते, पण ही एक गोष्ट वेगळी करायची — पास्ता पातेल्यात नाही शिजवायची. वेगळा उकळायची आणि वाढताना ज्याच्या त्याच्या वाटीत घालायची. म्हणायची, ताई, पास्ता पातेल्यात राहिला की सगळं पाणी पिऊन टाकतो. मी म्हणायचे, आमच्या घरात पातेल्यातच टाकतात. आमच्या घरात. तिला येऊन सहा वर्षं झाली होती तेव्हा, तरी मी 'आमच्या' म्हणायचे. आणि एके दिवशी जेवताना आमचे हे म्हणाले, आईपेक्षा धाकटीच्या हाताला चव आहे. सहज म्हणाले. वाईट माणूस नव्हता, पण बोलताना बघायचा नाही कोण बसलंय समोर. एकोणीस वर्षं मी ढवळत होते तेच सूप, तिथेच बसून खाल्लं त्यांनी एकोणीस वर्षं. मला आठवतंय, मी पाणी वाढलं.

तर त्या दिवशी अकरा वाजता सूप तयार. एकला वाढायचं. धाकटी म्हणाली, मी साडी बदलून येते, आणि गेली. एक वाजता वाचनालयात झाकण काढलं तर डाव उभा. म्हणजे हात सोडला तरी उभा. सगळं पाणी पास्त्याने पिऊन टाकलेलं, सूप कुठलं, नुसती वीट झाली होती. ग्रंथपाल भला माणूस, त्याने सुरीने कापून खाल्लं आणि छान आहे म्हणाला. तेच जास्त लागलं तिला. कोणी हसलं असतं तर बरं. लोक म्हणाले, पहिलंच काम, अंदाज चुकला पोरीचा. पास्ता कोणी टाकला, कसा टाकला, काही कळलंच नाही. गडबड असते हो अशा वेळी. पाच किलोची पिशवी, कात्री सापडेना तर दातांनी फाडली, अर्धा पास्ता ओट्यावर सांडला, तो गोळा करून पुन्हा —

फाडली असेल कोणीतरी, म्हणजे.

कांदा लागला वाटतं खाली. थांबा, पाणी घालते.

तुम्ही बोलत नाही फार. बरं आहे. धंद्यात बरं असतं ते. तिनेही एकदाच विचारलं होतं. वाचनालयाच्या मागे भांडी घासत होतो दोघी, हेच पातेलं घासत होतो, खरवडून निघत नव्हतं. म्हणाली, ताई, तुम्ही टाकलात का पास्ता? मी म्हटलं, मी कशाला टाकू? बघा, नाही म्हटलं नाही मी. प्रश्न विचारला. नऊ वर्षं मी स्वतःला हेच सांगतेय, की मी खोटं बोलले नाही, प्रश्न विचारला. तीन महिन्यांत ती आणि दीर वेगळे राहायला गेले. तिने पुन्हा कधी कुणाचं काम घेतलं नाही, घरातसुद्धा म्हणे सूप केलं नाही. दिराने सांगितलं, तो साधा माणूस, त्याला वाटतं तिला कंटाळा आला. हे गेले तेव्हा आली होती, अंगणातच मागे उभी राहिली, गेली. आणि आता दुकान काढतेय. म्हणजे नऊ वर्षं चूक तिच्या नावावर राहिली, आणि त्यातनं ती एकटीच उठली बघा. मी पाण्यात पाहत होते तिला. तिने काय केलं होतं माझं? चांगलं सूप केलं होतं.

आज सांगणार आहे मी. म्हणूनच बसवायचंय तिला. उभ्या माणसाला सांगण्यासारखी गोष्ट नाही ही, टेम्पोवाला हॉर्न वाजवत असताना तर नाहीच. सकाळपासून म्हणून बघतेय, ह्या खिम्याला सांगून झालं, गाजराला सांगून झालं. वाक्य चारच शब्दांचं आहे. पास्ता मी टाकला होता. बघा, तुमच्यासमोर आलं तोंडातून. मुद्दाम टाकला, घरची पद्धत वगैरे काही नाही, ती तोंडावर पडावी म्हणून टाकला. तुमच्यासमोर सोपं जातंय, तुम्ही कोण माझे. ती समोर आली की —

मागे काय बघताय?

कधी आलीस?

दार उघडंच होतं, हो. धूर होतो ना. कुठपासून उभी आहेस? नाही, सांगू नकोस. राहू दे.

टेम्पो थांबलाय ना बाहेर. हं. दादा, ते बटण फिरवा. फिरवा हो, चांगला आहे फ्रिज, काही झालेलं नाही त्याला, मीच बंद केला होता. सूप काढून ठेवते मी डब्यात, पाच मिनिटं लागतील, पातेलं घासून देते. तुझंच आहे, ने.

काय शोधतेस?

लहान पातेलं? फळीवर, डावीकडून दुसरं. पास्त्याचं पाणी उकळायला ना. मीठ तिथेच आहे, जिथे असायचं. कात्री — कात्री खणात आहे आता, सापडते.

तुम्ही निघा, दादा. आणि जाताना टेम्पोवाल्याला सांगा, वेळ लागेल म्हणावं.