बाईंचा रकाना

डोळ्यांच्या दवाखान्यात एक शिंपीणबाई नंबराची वाट बघत होत्या. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांपैकी एकाला थेंब घालून डोळे मिटून बसवलं होतं. दोघांच्या गप्पा मात्र रंगात आल्या होत्या.

“आठवतं? पक्षिनिरीक्षकांच्या प्रत्येक गटाची पक्षी मोजायची तऱ्हा वेगळी. थवा दिसला की कोणी एक लिही, कोणी शंभर!”

“म्हणून तर सगळ्यांचा मिळून एकच तक्ता ठरवायला बसलो. काय ती हमरीतुमरी!”

“तुझी आणि आपल्या डॉक्टरीणबाईंची.”

“मग?” डोळे मिटलेला म्हणाला. “मी म्हणत होतो, दिसला तरच मोजायचा. बाई हटूनच बसल्या. ‘ऐकला, दिसला नाही’ असा वेगळा रकाना हवा म्हणजे हवा.”

“त्यांना दिसेनासं झालं होतं रे.”

“तेव्हा कुठे कोणाला पत्ता लागू दिला! शेवटी मीच कंटाळून हो म्हटलं. आता परदेशातसुद्धा तोच तक्ता वापरतात म्हणे.”

“भांडून झालं की चहा मात्र बाईच पाजायच्या.”

“हो ना. गेले ते दिवस.”

खिडकीबाहेरच्या झाडावर टकटक झाली. डोळे मिटलेल्या म्हाताऱ्याने मान वर केली.

“सुतारपक्षी! लिहून ठेव.”

“कुठे लिहू?”

“बाईंच्या रकान्यात.”