अण्णांचा विस्तव

मी मूळची भोरची, वडील एसटीत होते, आमच्याकडे आधी रॉकेलचा स्टोव्ह आणि मग गॅस, म्हणजे चूल मी कधी फुंकलीच नाही म्हणा ना, आणि लग्न करून आले ती थेट जर्मनीत. आमचे हे त्सुफेनहाउझेनला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. मी इथल्या वृद्धाश्रमात काम करते, म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, त्यामुळे म्हातारपण मला कुणी शिकवायला नको. मुलगी झाल्यावर घर घेतलं ते गावाबाहेर, फर्टिगहाउस म्हणतात ना, भिंती कारखान्यातून तयार होऊन ट्रकवर येतात आणि क्रेन त्या उभ्या करते. चांगलं आहे हो घर, पण आतून सगळं लाकूड, आणि इतकं घट्ट की वाऱ्याला शिरायला फट नाही. बैठकीत काचेच्या दाराची लोखंडी शेगडी होती, हे म्हणाले, शोभेला आहे.

मग तिकडे संगमेश्वरजवळच्या गावी सासूबाई गेल्या, आणि ह्यांनी अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, इकडे आणलं. काय सांगू तुम्हाला, माणूस बोलेच ना. मफलर गुंडाळून खिडकीशी बसायचे, ताटातलं ताटात. आश्रमात मी अशी माणसं बघते, आधी बोलणं जातं, मग जेवण, आणि मग एका सकाळी पलंग रिकामा. मला भीती बसली की हेही असेच जाणार.

आणि एक दिवस त्यांनी शेगडी ताब्यात घेतली. लाकडं रचायला लागले, बोलायला लागले, बोलायचे ते सासूबाईंच्या चुलीबद्दलच, की लग्न होऊन आल्यापासून तिनं विस्तव विझू दिला नाही, रोज राखेत झाकून ठेवायची, सकाळी राख सारून फुंकर घातली की पेटला, आळीतल्या बायका करवंटीत विस्तव न्यायला यायच्या. इथेही त्यांनी तेच धरलं. संध्याकाळी निखाऱ्यांवर राख ओढायची, वर एक ओलसर ओंडका, आणि शेगडीत हवा सोडणारा खटका पूर्ण बंद. सकाळी विस्तव जिवंत. दोन पोळ्या जास्त जेवायला लागले, मी म्हटलं, शेगडी तर शेगडी, देव पावला. काच काळी पडायची, घरात डांबरासारखा वास यायचा, सकाळी माझं डोकं जड असायचं, मी म्हणायची कामाचा शीण.

मग धुराडं साफ करणारा आला, इथे तो येतोच, कायदाच आहे, त्याला नाही म्हणता येत नाही. काळे कपडे, हातात ब्रश आणि आरसा. आत बघितलं आणि मला हाक मारली. पाइपच्या आतून चकचकीत काळा थर, डांबर ओतल्यासारखा. म्हणाला, तुम्ही आग कोंडता, हवा मिळाली नाही की ती नुसती धुमसते, हे चिकटत जातं, कधीतरी पाइपच आतून पेटेल आणि तुमच्या भिंती लाकडाच्या. आणि कोंडलेल्या निखाऱ्यांचा वायू घरात आला तर त्याला वासही नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. सुकं लाकूड घाला, हवा उघडी ठेवा, जळून आपोआप विझू द्या, राख झाकण असलेल्या पत्र्याच्या बादलीत, घराबाहेर दगडावर. आणि मी साफ करेपर्यंत पेटवू नका.

संध्याकाळी हे म्हणाले, आल्झो, म्हणजे इथलं 'तर मग', शेगडी कायमची बंद, हीटिंग आहे ना. अण्णा म्हणाले, मग माझं तिकीट काढ. हे म्हणाले, अहो अण्णा, तिथे कुणाकडे जाणार, घराला कुलूप आहे. अण्णा त्या रात्री जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. मला राग आला, दोघांचाही. ह्यांना म्हटलं, शेगडी काढून घ्याल तर बाप हातचा जाईल. आणि अण्णांच्या पुढ्यात जाऊन बसले, म्हटलं, अण्णा, शेगडी राहील, पण रोज विझू द्यायची. ते म्हणाले, तिनं कधी विझू दिली नाही. मी म्हटलं, त्यांच्या चुलीवर कौलं होती, धूर वाट काढून जायचा, इथे कुठे जाईल, आणि वर तुमची नात झोपते, आईंनी तिच्या उशाशी असा विस्तव कोंडला असता का?

पाइप साफ झाला, अण्णांनी शेगडी पेटवली, आणि संध्याकाळी खटका स्वतः पूर्ण उघडला. निखारे लाल झाले, मग हळूहळू करडे पडत गेले. हेही येऊन बापाशेजारी बसले, कधी नाही ते. अण्णा म्हणाले, ती गेली तेव्हा मी बाजारात होतो, परत आलो तर तीही थंड आणि चूलही थंड, जाताना बघायला कुणी नव्हतं. आणि रडले हो. दहाव्यालासुद्धा रडले नव्हते, असं माझी नणंद सांगते, त्या दिवशी रडले.

आता भिंतीवर वायूची सूचना देणारा भोंगा लावलाय, त्याचं बटण दाबून तपासायचं काम अण्णांचं, शेजाऱ्याच्या ओल्या लाकडांनाही मराठीतून नावं ठेवतात. माझी दुपारची पाळी असली की घरी यायला उशीर होतो. मी विचारते, अण्णा, शेगडी? ते म्हणतात, विझली, मी बसलो होतो जवळ, उद्या लावू, तू आधी जेवून घे.

शब्दांकन: एक शेजारीण