सोललेल्या शेंगा

…आणि वर सासू-सून दोघी मलाच विचारतात, नाना, तुम्ही पाहत होतात तर बोलला का नाहीत? आता काय सांगू! अहो, तीस वर्षं दीपनगरच्या वीजघरात काढली, रिटायर होऊन धुळ्याला येऊन बसलो, एवढं तर कळतं ना मला, की दोन बायका स्वयंपाकघरात असल्या की पुरुषाने तोंड उघडू नये. मी काही बोललो का? नाही बोललो.

तुम्हाला सांगतो, सून आमची पुनम, पुण्याची. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा, जितेंद्रला सुट्टी नाही म्हणून एकटीच आली. पोर गुणी, पण इतकी जपून वागायची, की फ्रीजमधलं पाणी घ्यायचं तरी "आई, घेऊ का?" जीव तुटायचा हो माझा. तुझंच घर ना बाई, मग पाहुण्यासारखं काय वागतेस… ही काय रमणार इथे, पुढच्या उन्हाळ्यात काय येणार!

तर परवा संध्याकाळी म्हणाली, गच्चीवर खायला आज मी काहीतरी करते. बर्फात घालून आणलेलं पाकीट काढलं. आमच्या प्रमिलाबाई डोळे बारीक करून, "हाई काय शे वं पोरी?" तर म्हणे, एडामामे. पाहतो तर सोयाबीन! कोवळ्या हिरव्या शेंगा! शिरपूरला माझ्या भावाच्या शेतात एकरच्या एकर उभं असतं, आणि ही पुण्याहून विकत… मी काही बोललो का? नाही बोललो.

मिठाच्या पाण्यात उकडल्या, हिवाळ्यात आपण तुरीच्या उकडतो तशाच. मग कढईत तेल, ठेचलेला लसूण, तिखट, वरून लिंबू. मसाला सगळा सालीवर. शेंग दातांत धरून ओढायची, साल चोखायची नि टाकून द्यायची. एवढं करून पुनम तोंड धुवायला गेली आणि इकडे प्रमिलाबाईंना मायेचं भरतं आलं. पोर घामाघूम झाली, आता तिनेच सोलत बसायचं? दहा मिनिटांत शेंगा सोलून दाणे वाटीत, सालं शेजारच्या वच्छलाबाईंच्या शेळीला.

पुनम आली, तशी प्रमिलाबाई कौतुकाने, "मी बठ्ठं सोली टाकं, माय. आते नुसतं खावानं."

पोरीने वाटीत पाहिलं, खिडकीतून शेळीकडे पाहिलं. शेळी जिभल्या चाटत होती. मी घाईने दाणा तोंडात टाकला… सपक. "वा" म्हटलं, पण ते "वा" मलाच खोटं वाटलं. पोरीचा चेहरा एवढासा झाला. गेलं, म्हटलं.

तर तिने ओढणी खोचली. "आई, असं कुणी करतं का? चव सगळी सालीला होती! सरका, कढई द्या इकडे." सासूला सरका! प्रमिलाबाई सरकल्या, आधी बावरल्या, मग हसायला लागल्या, मग दोघीही. इतकं बरं वाटलं हो मला… डोळे पुसले. तिखटाने, दुसरं काय.

तेवढ्यात, "नाना, बघत काय बसलात? लसूण सोला."

म्हटलं, अगं, मी आपला गच्चीवर…

"आधी सोला," दोघी एकदम.

घरात हुकूम सोडणारी एक होती, आता दोन झाल्या. मी काही बोललो का? दोन गड्डे सोलले.