लाइनवर गेली

मी, लॉरेल हॅनिगन, वय ५७, धंदा रेल्वे कंपनीत तिकीट खिडकीवर नोकरी (परवापर्यंत), राहणार स्टेशनमागची गल्ली, वारिंगा, व्हिक्टोरिया. ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

काल सकाळी कंपनीने आम्हा खिडकीवाल्यांना कॉम्प्युटरवर मीटिंगला बोलावलं. एक बाई हसत हसत म्हणाली, "गिऱ्हाईक ऑनलाइन गेलंय, तेव्हा खिडक्या आजपासून बंद." आमचे माइक त्यांनीच बंद ठेवले होते. मी "अहो, ऐका तरी!" म्हणून ओरडले, ते माझं मलाच ऐकू आलं. लग्नाआधीपासूनची नोकरी हो! मी शटर ओढलं आणि चालू लागले.

क्लॅरी पेन्गेली हा रुळांच्या गँगमधला निवृत्त म्हातारा, कानाने अधू. बायको शहरातल्या इस्पितळात, म्हणून रोज माझ्याकडे तिकिटाला येतो. शटर बंद बघून त्याने कँटीनवाल्या शेरिलला विचारलं, "लॉरेल कुठाय?" ती म्हणाली, "ऑनलाइन गेलं बाबा आता सगळं." त्याने ऐकलं, "लाइनवर गेली." आम्हा रेल्वेवाल्यांत लाइनवर जाणं म्हणजे एकच, गाडीखाली जीव द्यायला जाणं.

म्हातारा काठी टेकत कुंपणातून रुळांवर घुसला. अंगातली लाल जर्सी काढून हलवली आणि मेलबर्नची गाडी थांबवली. ड्रायव्हर खेकसला, "म्हाताऱ्या, मरायचंय का तुला?" हा म्हणाला, "मला नाही रे बाबा! आमची लॉरेल पुढे आहे."

पुढे रुळांवरच, पुलाजवळच्या वळणावर त्याने मला गाठलं. म्हणाला, "अगं पोरी, इथे काय करतेस?"

मी म्हटलं, "हवा खायला आले."

"हवा कँटीनमध्येपण आहे. चल, चहा पाज मला," म्हणाला, आणि माझं मनगट धरलं ते स्टेशन येईपर्यंत सोडलं नाही. दिवसभर वळ होता.

आता कंपनीने त्याच्यावर विनाकारण गाडी अडवल्याची फिर्याद दिली आहे. तो नेहमीचा भांडखोर आहे असं मी सांगावं, असा मला फोन आला. अहो, तो खिडकीशी टोपी काढून उभा राहायचा! जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगा म्हणावं.

कंपनी म्हणते, त्याने चुकीचं ऐकलं. माझं म्हणणं लिहून घ्या. त्याने बरोबर ऐकलं.

वरचा मजकूर कॉन्स्टेबलसाहेबांनी मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच आहे. शेवटची ओळ ठेवायची का, असं त्यांनी दोनदा विचारलं. ठेवा म्हटलं.

(सही) लॉरेल हॅनिगन