चौथा कोपरा

मिस्त्री : म्हणून म्हणतो बाई, साहेबांना उठायला सांगा. सगळ्या खोलीची फरशी झाली, त्यांच्या खुर्चीखालचा कोपरा तेवढा राहिलाय.

बाई : आमच्यात बोलणं नाही, हे तुला परवापासून माहीत आहे. तूच सांग.

मिस्त्री : साहेब, उठता का?

मोजणीदार : तुझ्या बाईंना सांग, मी इथेच बसणार.

मिस्त्री : बाई, साहेब म्हणतात...

बाई : ऐकू आलं.

मिस्त्री : काल त्यांचं 'मीठ कमी आहे' तुमच्याकडे आणलं, तुमचं 'उठून घ्या म्हणावं' त्यांच्याकडे नेलं. माझा दिवस त्यातच गेला. शेवटची फरशी कापायला कोपरा दिसायला हवा ना.

बाई : न बघताही काढता येतो. वही घे. चौकोनाच्या चारही कोनांची बेरीज किती?

मिस्त्री : बाई, तुमच्या वर्गातून बाहेर पडून पंचवीस वर्षं झाली.

बाई : बेरीज तीच आहे.

मिस्त्री : तीनशे साठ.

बाई : तीनशे साठ काय? बटाटे?

मिस्त्री : अंश.

बाई : खिडकीचा कोपरा?

मिस्त्री : तुमच्या फळ्यावरच्या कोनमापकाने एकोणनव्वद अंश. दाराचा अठ्ठ्याऐंशी. स्वयंपाकघराकडचा बरोब्बर नव्वद.

बाई : चौथा दिसत नाही. न दिसणाऱ्याला आपण क्ष म्हणतो.

मोजणीदार : मी दिसतोय म्हणावं.

बाई : मांड.

मिस्त्री : एकोणनव्वद अधिक अठ्ठ्याऐंशी अधिक नव्वद अधिक क्ष बरोबर तीनशे साठ. पहिल्या तिघांची बेरीज दोनशे सदुसष्ट. ती उचलून पलीकडे नेली की...

बाई : उचलून? हमाल आहेस? दोन्ही बाजूंतून वजा केली म्हण.

मिस्त्री : केली. पण क्ष निघाला तरी फरशी साहेबांच्या खाली कशी सरकवू?

बाई : एका वेळी एकच गणित.

मोजणीदार : थांब रे. घर बांधताना त्या कोपऱ्याच्या आखणीची दोरी मी स्वतः धरली होती. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, एका बांधावरून भांडण झालं नाही. आणि परवा तुझ्यादेखत ही म्हणते, भिंत वाकडी!

बाई : वाकडी म्हटलं नाही मी. बाहेर गेली आहे म्हटलं.

मोजणीदार : न मोजता बोलू नये म्हणावं. आणि हेही सांग, नव्वदच्या वर एक अंश जरी निघाला तर मी मुलीकडे राहायला जाईन. कायमचा. भिंतीची लाज घेऊन इथे राहणार नाही.

मिस्त्री : बाई, पिशवी भरलेली आहे त्यांची. खुर्चीखाली आहे. मी बघितली.

बाई : ती माहिती उदाहरणाला लागत नाही. पुढे.

मिस्त्री : तीनशे साठ वजा दोनशे सदुसष्ट... आधी एक विचारू? परवा या कोपऱ्यातलं कपाट हलवलं, तेव्हा कडेची लांब लाकडी पट्टी निघाली. पुढे सव्वा इंच जाड, मागे निमुळती होत पार धार. भिंतीचाच रंग दिलेला. राडारोड्यात टाकू का?

बाई : टाक. गणित पुरं कर.

मोजणीदार : आण इकडे. कपाटाची खोली दोन फूट. दोन फुटांत सव्वा इंच... म्हणजे तीन अंश. ही कधी बसवली, विचार.

बाई : घर झालं त्याच वर्षी. ह्यांचे कचेरीतले लोक जेवायला यायचे होते, सगळे मोजणीतले. कपाट लावलं तर भिंतीशी फट दिसायला लागली. कोन मोजला, सुताराकडून पट्टी करून घेतली.

मिस्त्री : आणि अठ्ठावीस वर्षं बोलला नाहीत?

बाई : कुणी विचारलं नव्हतं. परवा तू विचारलंस, आणि उत्तर माहीत असलं की मला गप्प बसवत नाही. चुकलंच.

मिस्त्री : मग क्षसमोर काय लिहू? त्र्याण्णव येतायत.

बाई : फरशी त्र्याण्णवची काप. वहीत नव्वद लिही.

मिस्त्री : बाई, अर्ध्या गुणासाठी तुम्ही मला नापास केलं होतं.

बाई : लिही.

(खुर्ची सरकल्याचा आवाज.)

मोजणीदार : अगं, पण बेरीज तीनशे सत्तावन्न होते तुझी.

बाई : होऊ दे.