डाव्या हाताची करंगळी

आवाज आला नाही आणि मास्तर म्हणाले, "शाबास, बाय." आता मला सांगा, इथंच मला कळायला हवं होतं की नाही? पियानोची पार डावीकडची पट्टी, डाव्या हाताच्या करंगळीनं दाबलेली, जिथून ढग गडगडल्यासारखा आवाज यायला हवा, तिथून आलं काय, तर ठप्प. उशीवर बुक्की मारावी तसं. मी मास्तरांकडं बघितलं, तर मास्तर भिंतीकडं बघत होते. मग शाबास कशाची? पण मी पडले कॉलेजात जाऊन इंटर झालेली. शिकलेल्या माणसाचं असंच असतं हो, काहीही बिघडलं की आधी आपलंच चुकलं असं वाटतं. अडाणी असते तर सरळ विचारलं असतं, मास्तर, ह्याला झालंय काय? मी विचारलं नाही. मी करंगळीकडं बघितलं. आणि तिथून पुढं आठ महिने, तुम्हाला सांगते, आठ महिने मी त्या करंगळीचा छळ मांडला.

थांबा, आधीचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल भोरात पियानो आला कुठून. भाटघरच्या धरणावरचा एक साहेब विलायतेला परत निघाला, त्याच्या सामानाच्या लिलावात आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, हा पियानो घेतला. आबा संस्थानच्या कचेरीत शिरस्तेदार. गेले होते टेबल बघायला. बैलगाडीतून आला, आठ माणसांनी उतरवला, भामाआत्यानं त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मग लक्षात आलं की तो पुढच्या खोलीच्या दारातून जातच नाही. मग गेला कुठं? मागच्या खोलीत. मागच्या खोलीला लागून गोठा, मध्ये एक भिंत, आणि भिंतीपलीकडं आमची म्हैस, मैना. हे मी आत्ता एवढं स्पष्ट सांगतेय, पण तेव्हा माझ्या डोक्यात पियानो वेगळा आणि म्हैस वेगळी. एकीकडं संगीत, एकीकडं शेण. संबंध काय?

मास्तर म्हणजे मेनेझिस मास्तर. मूळचे गोव्याचे, राहायला पुण्याच्या कॅम्पात, लहानपणापासून चर्चमध्ये वाजवलेले, विलायती शास्त्रोक्त संगीताच्या सगळ्या परीक्षा दिलेले. दर शनिवारी दिवस कलताना सर्व्हिस मोटारीनं यायचे, कापूरहोळच्या फाट्यापासून भोरपर्यंतची सगळी धूळ टायवर घेऊन. आणि धीर किती त्या माणसाला! मी एकच ओळ चाळीसदा चुकवली तरी आवाज चढायचा नाही. रुमालानं चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "घाई नाही, बाय. परत एकदा." मला वाटायचं, असा गुरू मागच्या जन्मी काहीतरी केलं असेल तरच मिळतो. आता वाटतं, नक्की काय केलं होतं मी मागच्या जन्मी?

हं, आणि एक कबूल करते. मी जरा दचकते. जरा म्हणजे, मांजरानं फळीवरून उडी मारली की मी पाटावरून उठते. कॉलेजात घंटा झाली की शेजारची मुलगी आधी माझी दौत धरायची. तर पहिल्याच शनिवारी मास्तरांनी त्या डावीकडच्या चार पट्ट्या एकामागून एक वाजवून दाखवल्या, आणि मी किंचाळले. त्याच घटकेला मागं गोठ्यात कासंडी खणखणत पडली आणि ठकुबाईचा ओरडा ऐकू आला. ठकुबाई म्हणजे आमच्याकडं धार काढायला येणारी, मूळची कामथडी गावची. मला वाटलं, माझ्या किंचाळण्यानं बिचारीच्या हातून भांडं पडलं. म्हणजे तेही माझंच चुकलं!

त्यानंतर पंधरा दिवसांनी ती पहिली ठप्प. आणि शाबास.

आता तुम्ही म्हणाल, चार पट्ट्या वाजत नाहीत तर नाहीत, एवढं काय त्यात? अहो, माझा सगळा जन्म त्या पट्ट्यांवर टांगलेला होता! पुण्यातल्या मुलींच्या एका शाळेला संगीत शिकवायला बाई हवी होती. शाळेतच राहायला खोली, आणि शिकवता शिकवता बी.ए. पुरं करायची मुभा. मास्तरांनीच माझं नाव सुचवलं होतं. आबांनी सांगून ठेवलेलं, ती जागा मिळाली तर खुशाल जा, मी आडवा येणार नाही. नाही मिळाली तर वैशाखात वाईचं स्थळ. मुलगा वाईट नाही हो. त्याला फक्त शिकलेली बायको नको होती, शिकलेली दिसणारी हवी होती.

म्हणून मी जिवाच्या करारानं बसायची. सकाळी उजाडताना एक तास, संध्याकाळी दिवे लागायच्या आधी एक तास. करंगळीला तिळाचं तेल चोळलं. करंगळीनं भरलेला तांब्या उचलला. पट्टी दाबून आवाज येईना म्हणून मी ती ठोकायला लागले. मास्तर म्हणायचे, "हळू, बाय, हळू." मला वाटायचं, माझी कीव करतायत. मग मी आणखी जोरात! ठप्प. एकदा रडकुंडीला येऊन म्हटलं, मास्तर, ह्या बोटात जीवच नाही. तर माणूस काय म्हणाला? "बोट बरोबर जागी पडतंय. आवाज येईल तेव्हा येईल. घाई नाही, बाय. परत एकदा." आणि आत्या आली दह्याची वाटी घेऊन, वर बोटभर साय, आणि मास्तर भिंतीकडं तोंड करून दही खायला लागले. दर शनिवारी वाटी. मी म्हणायची, आत्याला गुरूचा केवढा आदर!

तर गेल्या सोमवारी शाळेचं पत्र आलं, गुरुवारी वाजवून दाखवा. मास्तरांना कळवायला वेळच नव्हता. आबा आणि मी गेलो. शाळेचा दिवाणखाना, मोठ्या बाई चष्मा लावून बसलेल्या, मागं दोन ओळींत मुली, आणि एक काळाभोर चकचकीत पियानो. वाजवायचं काय, तर विलायती अंगाई. बाळ झोपतंय, पाळणा हळूहळू हलतोय. उजवा हात माझा सुरेख चालला होता, तुम्हाला खोटं नाही सांगत, मोठ्या बाईंनी मानसुद्धा डोलावली. आणि मग आली डावीकडची पहिली पट्टी. आठ महिन्यांची सवय, आठ महिन्यांचं तेल, आठ महिन्यांचे तांबे, सगळं त्या करंगळीत गोळा झालं आणि मी घातला घाव.

राजगडावरून तोफ सुटली असती तरी बरं वाटलं असतं. ती निदान लांब असते. ढाण्णकन् आवाज झाला, खिडकीची काच थरथरली, पुढच्या ओळीतली एक मुलगी मागच्या ओळीत गेली, आणि सगळ्यांत जास्त कोण दचकलं असेल? मी. स्टुलावरून खाली. बसल्या जागेवरून दिसतील तेवढे पियानोचे पाय मला दिसत होते, आणि आबांचे जोडे. आबा वरून हळूच म्हणाले, "ऊठ." मोठ्या बाई म्हणाल्या, कळवू.

परत येताना सर्व्हिस मोटारीत मी करंगळीकडं बघत बसले, तीच करंगळी तिथं गडगडते, मग घरीच ठप्प का? आबा बाहेर बघत होते. ते नेहमी बोलत नाहीत, पण ह्या वेळी जरा जास्तच मन लावून बोलत नव्हते. घरी आले, लुगडं न बदलता मागच्या खोलीत गेले आणि पियानोची खालची फळी काढली. आत गोधडी. हो, गोधडी! आत्याच्या जुन्या लुगड्याची, आत्याच्याच हातचा टाका, चिंध्या फाडून, घड्या घालून, नेमक्या चार जाड तारांमध्ये बसवलेली. बाकीच्या तारांना धक्कासुद्धा नाही.

आत्या तांदूळ निवडत होती. मी चिंध्या तिच्यापुढं धरल्या. तिनं वरसुद्धा बघितलं नाही.

"मग? म्हैस आटवू काय तुझ्या वाजवण्यापायी?"

ठकुबाई दारातच होती. ती म्हणाली, "न्हाई वो ताई, तुमी तसलं घुमवलं की मैना पान्हा चोरती. कास भरल्याली आन् थेंब सोडंना. लई गुणाची हाय, पर त्या आवाजाला लाथ मारती बगा." आणि वेळा कुठल्या, तर धारेच्या! उजाडताना आणि दिवे लागायच्या आधी. मी काय मुहूर्त बघून बसत होते का हो? मी आबांकडं वळले. आबांनी तपकिरीची डबी उघडली, मिटली, आणि म्हणाले, मला वाटलं तुला माहीत आहे.

म्हणजे आत्याला माहीत, आबांना माहीत, ठकुबाईला माहीत, म्हशीला माहीत. एक मी, इंटर पास, करंगळीला तेल चोळतेय!

म्हटलं, राहिले मास्तर. एक तो माणूस तरी माझ्या बाजूचा. काल शनिवार. मास्तर आले, मी चिंध्या दाखवल्या आणि त्यांना धक्का बसायची वाट बघत उभी राहिले. मास्तरांनी एक चिंधी हातात घेतली आणि घडी नीट केली.

"तुझ्या आत्यांनी कशाही कोंबल्या होत्या," ते म्हणाले. "इतर तारा खराब झाल्या असत्या. म्हणून मी बसवून दिल्या."

तुम्हाला सांगते, मला बसायला काहीतरी हवं होतं आणि स्टुलावरचा माझा विश्वास उडालेला. मी विचारलं, आठ महिने मला का नाही सांगितलं? मास्तरांनी चष्मा पुसला.

"त्या सुरांना तू पण दचकायचीस, बाय. म्हटलं, बोटं तयार होईपर्यंत दोघींना बरं."

दोघींना! मी आणि म्हैस. एका माळेत!

मग त्यांनी सांगितलं की शुक्रवारी शाळेनं त्यांना बोलावून घेतलं, ते जाऊन आले. मोठ्या बाईंना म्हणाले, चूक मुलीची नाही, माझी. बाई म्हणाल्या, ठीक आहे, महिन्यानं परत ऐकू. एक महिना. म्हणजे त्या चार सुरांशी ओळख करायला, हात हलका करायला आणि दचकणं मोडायला मला एक महिना, आणि तोही सकाळ-संध्याकाळ, कारण दुपारभर आत्या मला घरकामातून सोडत नाही.

मी सगळ्या चिंध्या गोळा करून अंगणात टाकल्या. दारात उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले, महिनाभर हे चारही सूर मोकळे वाजणार, दूध गेलं तर जाईल, चहा कोरा होईल, चालणार आहे का? "म्हैस की मी, एकदाचं सांगून टाका." आबांनी डबी उघडली. मिटली. आत्याला तांदळात खडा सापडला. ठकुबाई कासंडी घेऊन मागं गेली. मास्तरांनी वाटीतली राहिलेली साय बोटानं पुसून घेतली. मी परत हाक मारली, आबा, आत्या, मास्तर, अहो कुणीतरी ओ द्या. माणसानं निदान "म्हैस" म्हणावं! पण नाही.

मग मी बसले. करंगळी ठेवली पार डावीकडच्या पट्टीवर, आणि ह्या वेळी ठोकली नाही, नुसती सोडली. सूर उमटला. जाड, घुमणारा, जमिनीतून आल्यासारखा. आणि ऐका, मी दचकले नाही. बसल्या जागी बसून राहिले. तो सूर विरत विरत जात होता आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून मैना रेकली. लांब, खालच्या पट्टीत, अगदी सावकाश.

मास्तरांनी मान कलती करून शेवटपर्यंत ऐकलं, वाटी खाली ठेवली आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "सूर बरोबर आहे. घाई नाही, बाय. परत एकदा."

आता ते मला म्हणाले की तिला, हे मी विचारलं नाही.